वारा पाठीवर घेणारे सर

आधी नाव घेतो. मला वाचवलं ते उलट्या सरांनी. काय झालं, कसं झालं ते पुढं येईलच. पण आमच्या घरात जेवायला बसलं की पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवायची रीत आहे, तसं हे नाव पहिल्यांदा बाजूला काढून ठेवतो. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. लिहिताना कुठं काय राहून जाईल याचा भरवसा नाही. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे राहायला नको.

सर रस्त्यानं उलटे चालायचे, म्हणून उलटे सर. इथं आयर्लंडात, कासलबारला, वारा समुद्राकडून येतो आणि वर्षातले बहुतेक दिवस येतो. सर घरातून निघाले की दारातच तळहात पुढं करून वारा कुठला आहे ते बघायचे. समोरचा असेल तर पाठ फिरवायची आणि खांद्यावरून मागं बघत, एक हात भिंतीला लावून, सावकाश उलटं चालत यायचं. मराठी मंडळींची पोरं त्याला मूनवॉक म्हणायची. आमच्या हॉटेलातली काउंटरवरची आयरिश बाई किचनमध्ये डोकावून मला सांगायची, 'युवर मॅन आला, रिव्हर्समध्ये.' मग मी खिचडी मऊ करायला घ्यायचो. सरांना खिचडी कोमट लागायची, इतकी पातळ की चावायला लागू नये, आणि मिरची अजिबात नाही.

दुसरी खूण म्हणजे त्यांची दाढी. उजवा गाल रोज घोटलेला, डावा गाल पांढऱ्या खुंटांचा. सर मूळचे नागपूरचे, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करायचे, आणि मीटिंगला कॅमेऱ्यापुढं तिरके बसायचे म्हणे, उजवी बाजू दिसेल अशी. गणपतीत हॉलवर मी मंडळींचा स्वयंपाक करायचो तेव्हा त्यांना बघितलं होतं. कोपऱ्यात, दारापासून लांब. कुणी बोलायला आलं की हसल्यासारखं करायचे, बोलायचे नाहीत. मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे.

मग सरांना होतं तेच दुखणं मला झालं.

तंदूरपुढं उभा होतो, मागचं दार कुणीतरी उघडलं, गार वारा आत आला आणि उजव्या गालात वीज पडली. दुसरा शब्द नाही त्याला. क्षणभर, पण त्या क्षणात हातातली सळई कुठं पडली ते कळलं नाही. मग रोज. दात घासताना, तोंड धुताना, घास चावताना, बायकोला फोनवर हॅलो म्हणताना. दाढ असेल म्हणून गावी गेल्यावर गडहिंग्लजला दोन दाढा काढून घेतल्या. चांगल्या दाढा होत्या. दाढा गेल्या, दुखणं तिथंच राहिलं. परत आल्यावर इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याकडं जाणारी एक नस असते, ती बिघडली आहे. फिटसाठी देतात त्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, चालताना तोल जायचा, वीज पडायची ती पडतच होती.

भीती दुखण्याची नव्हती, पुढची होती. आचारी हसला नाही तरी चालतं, बोलला नाही तरी चालतं. पण आचाऱ्यानं चव घेतली नाही तर काय उपयोग? चमचा तोंडाला लावायची माझी छाती होईना. दोनदा डाळ खारट गेली, एकदा परत आली. मालक भला माणूस, पण त्यानं विचारलं, तू महिनाभर सुट्टी घेतोस का. सुट्टी म्हणजे काय ते मला कळलं. माझं इथलं कामाचं परमिट त्याच्या हॉटेलवर होतं. गावी बायको, दोन मुली, अर्धवट बांधलेलं घर. हातात शिक्षण नाही, जिभेची ही एक कला होती, तीच जीभ लुळी पडल्यासारखी झाली होती.

हॉस्पिटलात दुखण्याचं वेगळं क्लिनिक असतं, तिथं बाकावर बसलो होतो. समोरून सर आले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले. मग शेजारी बसले आणि तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून, ओठ जेमतेम हलवत बोलले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकला.

"गालाला हात लावून बसतो तो दातदुखीवाला. गालापासून बोटभर लांब हात धरून बसतो तो आपल्यातला. किती दिवस झाले, वस्ताद?"

मी लहानपणी तालमीत जायचो हे त्यांना कुठून कळलं माहीत नाही, बहुतेक खांद्यांवरून ओळखलं असेल. त्या दिवसापासून मी वस्ताद. त्यांचा डावा गाल, माझा उजवा. म्हणाले, "तुझा डावा आणि माझा उजवा, दोघांत मिळून एक धड तोंड आहे. काम चालेल."

त्यांच्याकडं एक छोटी बाटली होती. तेल. जिभेखाली काही थेंब धरायचे, बऱ्याच वेळानं त्यांचा चेहरा सैल पडायचा आणि मग ते खिचडीला हात लावायचे. कशाचं तेल म्हणून विचारलं तर त्यांनी लपवलं नाही. गांजाचं. डॉक्टरांनी अर्ज केला, सरकारनं त्यांच्या एकट्याच्या नावानं परवाना दिला, तेव्हा मिळालं. मी घाबरलोच. आमच्या गावात गांजा म्हणजे यात्रेतले गोसावी आणि मागनं येणारी पोलिसांची गाडी. बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्यासाठी गेलायसा होय तिकडं?"

पण बाटलीवरून माझं मन हटेना. आमच्याकडं एकाला गुण आला की तेच औषध शेजारी घेतात. गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट अर्ध्या गल्लीत फिरतं. दुखणं तेच, मग औषध वाटून घ्यायला काय हरकत? एका दुपारी गिऱ्हाईक संपल्यावर मी सरांना हात जोडून म्हणालो, दोन थेंब द्या.

त्यांनी बाटली खिशात घातली, वर चेन लावली.

"माझ्या नावाची आहे, वस्ताद. तुझ्या तोंडात गेली की औषध नाही राहत, गुन्हा होतो. माझा पण, तुझा पण. तुझी तुला मिळवू."

मला ते लागलं. इतकं सोसणारा माणूस, त्याला दुसऱ्याचं कळू नये? पंधरा दिवस त्यांची खिचडी मी दुसऱ्याला लावायला सांगितली. सर येत राहिले. वारा पाठीवर घेत यायचे, खायचे, किचनच्या दाराकडं बघायचे, जायचे. शेवटी मीच बाहेर आलो आणि रागानं बोललो, तुम्ही देत नाही तर गावात देणारे आहेत, एकानं कार पार्कमध्ये बोलावलंय मला. त्या दिवशी सरांचं तोंड बंद होतं. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून लिहिलं. ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. 'त्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. सापडलास तर परमिट जाईल आणि दुखणं राहील.'

मी कार पार्कमध्ये गेलो नाही.

मग त्यांनी माझी फाइल मागवायला लावली. परवाना मागायचा तर बाकीचं सगळं करून बघितलं आणि गुण आला नाही, हे कागदावर दिसावं लागतं. हॉस्पिटलकडून कागद आले. सर हॉटेलातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर ते घेऊन बसले. एकेक पान वाचायचे, बाजूला ठेवायचे. मी समोर उभा, शाळेत उभा राहायचो तसा.

"तू डॉक्टरांना काय सांगत होतास दरवेळी?"

मी सांगितलं. ते विचारायचे, हाऊ आर यू. मी म्हणायचो, ग्रँड.

इथं सगळे तेच म्हणतात. पाय प्लास्टरमध्ये असला तरी ग्रँड, घरात मयत झालं तरी आय'म ग्रँड. आणि आपल्याकडं मोठ्या माणसापुढं रडगाणं गाऊ नये असं आईनं शिकवलेलं. एकदा फोनवर हिंदी बोलणारा दुभाषी दिला होता, अनोळखी बाप्याच्या आवाजाला मी काय सांगणार की मला रडू येतं? त्यालाही म्हणालो, ठीक आहे. शिवाय आत एक धास्ती होतीच, दुखतंय म्हटलं आणि कामाला अयोग्य असं लिहिलं म्हणजे? तर प्रत्येक भेटीच्या पानावर डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी मी बोललो तेच लिहिलं होतं. रुग्ण बरा आहे. रुग्ण म्हणतो, उत्तम. गोळ्या चालू ठेवाव्यात.

सरांना हसू आलं. हसणं त्यांना वर्ज्य होतं. हसू अर्ध्यावर आलं आणि कळ आली. टेबलाची कड धरून, डोळे मिटून बसले. डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. मी पुढं झालो तर हातानंच लांब राहा म्हणाले. कळ ओसरली तेव्हा त्यांची पुण्या-मुंबईची भाषा गळून गेली होती.

"डॉक्टर म्हणजे घरी आलेला पाहुणा आहे का बे, बरं आहे म्हणून वाटेला लावायला? काऊन लपवून राहिला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणून दिली. दोनशे पानी, शाळेतल्यासारखी. मी म्हणालो, सर, मला लिहायची सवय नाही, किती दुखतं ते कसं लिहू? म्हणाले, "किती दुखतं ते लिहू नको. ते कुणालाच कळत नाही. काय करता आलं नाही ते लिही."

नववीनंतर पहिल्यांदा पेन धरलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं. सोमवार, दात घासले नाहीत. मंगळवार, धाकटीचा वाढदिवस, बोललो नाही, फोनसमोर नुसता हात हलवला. बुधवार, डाळीची चव घेतली नाही. गुरुवार, उशीला गाल लागला म्हणून बसून झोपलो. शुक्रवार, मालकाची बायको हसली, मी हसलो नाही, तिला वाईट वाटलं असेल. सर दर आठवड्याला वही बघायचे. 'खूप त्रास झाला' असं कुठं लिहिलं असेल तर त्यावर काट मारायचे.

माझ्या भेटीची तारीख जवळ आली आणि सरांचंच तेल संपलं. त्यांचे डब्लिनचे डॉक्टर निवृत्त झाले होते. परवाना ठरावीक मुदतीचा, पुन्हा अर्ज करायला नवा डॉक्टर पाहिजे, आणि नव्या डॉक्टरकडं रांग. मुदत संपली. पहिल्या आठवड्यात त्यांनी उजव्या गालाची दाढीही सोडली. खिचडीऐवजी नुसतं भाताचं पाणी घ्यायचे, स्ट्रॉनं. मी म्हणालो, माझी तारीख पुढं ढकलू, तुम्हाला बोलायला लागेल. त्यांनी मान हलवली. "तारीख मोडली तर वर्ष जाईल. वारा कुठला आहे ते बघ आणि चल."

वारा समोरचाच होता. सर उलटे चालत होते आणि मी त्यांच्या पाठीशी, वाऱ्याच्या बाजूला, दोन्ही खांदे रुंद करून. माझा गाल मफलरात. असेच हॉस्पिटलपर्यंत गेलो.

आत डॉक्टरबाई होत्या, नव्या, वयानं लहान. त्यांनी हसून विचारलं, हाऊ आर यू कीपिंग? माझ्या जिभेवर 'ग्रँड' आलं होतं, खोटं कशाला बोलू. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी वही पुढं केली.

वही मराठीत. सरांनी ती घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून इंग्रजीत सांगायला लागले. चार-पाच ओळी झाल्या की कळ यायची. ते थांबायचे. खुर्चीचा हात धरायचे, बोट मात्र ओळीवरून हलायचं नाही. मग पुढची ओळ. मंगळवार, धाकटीचा वाढदिवस. कळ. बुधवार. डॉक्टरबाई उठल्या, म्हणाल्या, पुरे, मी दुसरा दुभाषी बोलावते. सरांनी तळहात दाखवला, दारात वारा बघायचे तसाच. आणि वाचत राहिले. ते माझं दुखणं वाचत होते आणि त्यांना त्यांचं होत होतं. मी आयुष्यात पुष्कळ माणसं बघितली, तालमीत हाडं मोडून घेतलेली बघितली. असं कुणी कुणासाठी केलेलं बघितलं नाही.

चौदा पानं. वही मिटल्यावर डॉक्टरबाईंनी मला पुन्हा कसे आहात विचारलं नाही. विचारलं, आज सकाळी काय करता आलं नाही?

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. नो ब्रश. नो ईट. नो कॉल होम. आणि मग रडलो. रडतानाही गाल सांभाळावा लागतो.

त्यांनी साफ सांगितलं की असं जुनाट दुखणं या तेलाच्या सरकारी यादीत बसत नाही, वेगळा अर्ज करावा लागेल, आधी आणखी दोन गोळ्या करून बघाव्या लागतील, आणि शब्द देता येणार नाही. पण त्यांनी लिहून घेतलं. सगळं. दोन्ही गोळ्या करून झाल्या, वही भरली, दुसरी वही निम्मी झाली, तेव्हा माझ्या नावाची बाटली आली. मालकानं तेवढे महिने मला कांदे चिरायला ठेवलं, हाकललं नाही, त्याचेही उपकार आहेत.

तेलानं जादू झाली नाही. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर कुणी उगाच आशा धरेल. पहिले दिवस डोकं जड व्हायचं, सरांनी बजावलं होतं म्हणून तंदूरजवळ गेलो नाही. पण वीज पडायची ती हळूहळू लांब पडायला लागली. आवाज येतो, घर पेटत नाही. एका सकाळी डाळीत पळी बुडवली, फुंकर घातली आणि चव घेतली. मीठ कमी होतं. किचनच्या मागच्या पायरीवर जाऊन बसलो. पहिला फोन सरांना केला. त्यांनी उचलला, पण बोलले नाहीत. नुसता श्वास ऐकू येत होता.

कारण त्यांचं उलटं झालं होतं. नव्या डॉक्टरची तारीख लागेपर्यंत हिवाळा आला आणि त्यांना थांबवेना. त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. धोका काय तो डॉक्टरांनी आधी सांगितला होता, सरांनी विचार करूनच सही केली होती. डावा कान गेला. डावा गाल बधिर झाला; घास ओठातून बाहेर पडला तरी त्यांना कळायचं नाही, मी रुमाल पुढं केला की कळायचं. आणि काही महिन्यांनी त्या बधिरपणाच्या खालून दुखणं पुन्हा वर आलं. आता वीज नव्हती, निखारा होता. सतत.

डब्लिनजवळ नास म्हणून गाव आहे, तिथं त्यांची मुलगी असते, इथंच वाढलेली. ती न्यायला आली. 'बाबा, यू'र कमिंग होम विथ मी, दॅट्स इट,' असं म्हणत होती. सर मराठीत नाही म्हणत होते. ती बाहेर गाडी वळवायला गेली तेव्हा त्यांनी मला कारण सांगितलं. तिचं बाळ सहा महिन्यांचं होतं.

"बाळं तोंडालाच हात लावतात, वस्ताद. परवा नातीनं लावला. मी ओरडलो. ती घाबरली रे माझ्याकडं बघून."

म्हणून ते नागपूरला बहिणीकडं गेले. मी म्हणालो, तिकडं उन्हाळ्यात गरम वारा असतो. म्हणाले, असू दे, ओळखीचा आहे. विमानतळाकडं निघताना मी डब्यात खिचडी दिली, गाडीच्या दाराशी वाऱ्याकडं पाठ करून उभा राहिलो, आणि सर माझ्या आडोशानं गाडीत बसले. काच वर करण्याआधी म्हणाले, "वही बंद नको करू. बरं वाटेल ते पण लिही. नाहीतर डॉक्टर म्हणतील, हा नुसता रडतो."

वही बंद केली नाही. हे लिहितोय तेही तिसऱ्या वहीत. क्लिनिकच्या बाकावर कुणी गालापासून बोटभर लांब हात धरून बसलेलं दिसलं की त्याच्याशेजारी बसतो, भाषा येवो न येवो.

दर रविवारी सरांना फोन करतो. ते बोलत नाहीत. मी बोलतो, ते फोनवर बोटानं टकटक करतात. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. जेवलात का? एक. ताई बऱ्या आहेत? एक. मागच्या रविवारी विचारलं, सर, दुखतंय का? बोट वाजलं नाही. वाट बघितली. मग फोन ठेवल्यावर मेसेज आला. एकच शब्द.

ग्रँड.

सर, मला फसवू नका. तो शब्द मी वर्षभर वापरला आहे, त्याच्या आत काय असतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत? मी येणार आहे. परमिटचं पुढचं काम झालं की पहिल्या सुट्टीत गडहिंग्लजला दोन दिवस आणि मग थेट नागपूर. दोनशे पानी कोरी वही घेऊन येतो. तुमच्याजवळ बसतो. दिवसभरात तुम्हाला काय करता आलं नाही ते मी बघेन आणि लिहीन, माझ्या कोंबडीच्या पायांनी. मग तिथल्या डॉक्टरकडं आपण चालत जाऊ, तुम्ही उलटे, मी वाऱ्याच्या बाजूला. तुम्ही काही बोलायचं नाही. वही मी वाचणार, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये माझ्या गालात काहीही होवो.